कर्त्याचा संकोच : फ्रेंच रेड वाइन आणि श्रेयाचा प्रश्न

कलाकृतीचा कर्ता कोण, हा प्रश्न साहित्यसमीक्षेला नवा नाही. रोलां बार्थने १९६७ साली लेखकाच्या मृत्यूची घोषणा केली. मिशेल फुकोने १९६९ मध्ये 'लेखक म्हणजे काय' असे विचारून, 'लेखक' ही व्यक्ती नसून संहितांच्या व्यवहाराचे नियमन करणारे एक कार्य आहे, असे प्रतिपादन केले. त्यानंतर आपल्याकडेही या विषयावर पुष्कळ लिहिले गेले. पदव्युत्तर वर्गांत तर लेखकाचा मृत्यू हा परीक्षेतला हमखास प्रश्न होऊन बसला आहे. परंतु या चर्चेत एका गोष्टीकडे पुरेसे लक्ष गेलेले दिसत नाही. समीक्षक लेखकाला बाजूला सारतो, तेव्हा ती एक सैद्धांतिक भूमिका असते. कर्ता स्वतःच स्वतःला बाजूला सारतो, 'हे मी केलेले नाही, माझ्याकरवी झाले' असे म्हणतो, तेव्हा मात्र ती एक नैतिक कृती असते, आणि तिची तपासणीही नैतिक कृती म्हणूनच करावी लागते. ही नम्रता कोणाच्या हिताची असते? तिच्यामुळे श्रेय कोणाकडे सरकते? आणि श्रेय नाकारणारा दायित्वही नाकारतो काय?

या प्रश्नांचा विचार येथे साहित्याबाहेरच्या एका क्षेत्राच्या आधाराने करावयाचा आहे. ते क्षेत्र म्हणजे फ्रान्समधील रेड वाइन आणि ती करणारी माणसे. निवड काहीशी विक्षिप्त वाटेल. तिचे कारण असे, की कर्त्याची नम्रता तेथे वैयक्तिक स्वभावाचा भाग न राहता एक सिद्धांत बनलेली आहे आणि त्या सिद्धांताला कायदा, जमिनीची मालकी व बाजारभाव चिकटलेले आहेत. साहित्यात श्रेय ही हवेतली गोष्ट असते. ते कोठून निघून कोठे गेले, हे दाखवता येत नाही. वाइनच्या बाबतीत ते बरेचसे दाखवता येते. (प्रस्तुत लेखकाला मद्यरसिकतेचा कोणताही दावा करावयाचा नाही. त्यासाठी लागणारी जीभ आणि प्राध्यापकाचा पगार यांचा मेळ बसत नाही.)

प्रारंभ शब्दापासून करू. इंग्रजीत द्राक्षवेल लावणारा आणि वाइन करणारा यांना वेगवेगळे शब्द आहेत. फ्रेंचमध्ये रोजच्या वापरातला शब्द आहे 'विन्यरों'. तो वेलीवरून आलेला आहे. त्याचा अर्थ वेलीची मशागत करणारा असा होतो, आणि तिच्या फळापासून वाइन करणे त्यात गृहीत धरलेले असते. म्हणजे भाषेनेच कर्त्याची जागा पिंपाजवळून उचलून शेताच्या बांधावर ठेवली आहे. त्यामागे 'तेर्वार' ही कल्पना उभी आहे. माती, उतार, पाण्याचा निचरा, ऊन, वारा आणि पिढ्यान्पिढ्यांची लागवडीची रीत या सर्वांचा मिळून होणारा स्थानविशेष म्हणजे तेर्वार. बर्गंडीत रेड वाइन जवळजवळ सर्वत्र 'पिनो न्वार' या एकाच जातीच्या द्राक्षापासून होते. तरीही पायवाटेच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या तुकड्यातील वाइनची चव निराळी असते, असा तेथील अनुभव आहे. सिस्टर्शियन पंथाच्या साधूंनी मध्ययुगात 'क्लो द वूजो'सारख्या बागांना दगडी कुंपणे घातली. अशा नामांकित तुकड्यांना तेथे 'क्लिमा' म्हणतात, आणि २०१५ मध्ये युनेस्कोने बर्गंडीच्या क्लिमांचा जागतिक वारशाच्या यादीत समावेश केला.

या सिद्धांताची परिभाषा पाहिली, तर ती जवळजवळ पूर्णपणे भाषाव्यवहारातून घेतलेली आहे. भूमी 'बोलते', द्राक्ष तिचे 'माध्यम' असते, विन्यरों 'भाषांतरकार' असतो आणि त्याने आपला आवाज मध्ये आणू नये, अशी अपेक्षा असते. चांगला भाषांतरकार अदृश्य असतो, हा आपल्या ओळखीचा समज येथे कृषिशास्त्राच्या वेषात भेटतो. मराठी वाचकाला यात आणखी एक ओळखीचा सूरही ऐकू येईल. भालचंद्र नेमाडे यांनी मांडलेल्या देशीवादात साहित्यकृतीचे मूल्य तिच्या भूमीशी आणि भाषिक समूहाशी असलेल्या नात्यावरून ठरते. लेखकाच्या स्वयंभू प्रतिभेचे स्तोम माजवणाऱ्या समीक्षेला दिलेले उत्तर म्हणून या भूमिकेचे महत्त्व निर्विवाद आहे. परंतु भूमीला कर्तेपण बहाल केल्यावर त्या भूमीवर राबणाऱ्यांमध्ये आणि तिची मालकी असणाऱ्यांमध्ये जो भेद असतो, त्याचे काय होते, हा प्रश्न उरतो. तो वाइनच्या बाबतीत अधिक उघडपणे विचारता येतो.

पहिला आक्षेप असा, की जिला आपण बोलकी भूमी म्हणतो, तीच मुळात घडवलेली असते. बोर्दोजवळच्या मेदोक या प्रदेशातील दलदल सतराव्या शतकात डच अभियंत्यांनी चर खणून हटवली. आज जेथील खडकाळ, वाळूमिश्रित जमिनीच्या गुणांची स्तोत्रे गायिली जातात, ती जमीन त्यांतून मोकळी झाली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फिलॉक्सेरा या अमेरिकेतून आलेल्या किडीने फ्रान्समधल्या वेलींची मुळे खाऊन टाकली. उपाय सापडला तोही अमेरिकेतच. तेथल्या रोगप्रतिकारक वेलींचा खुंट घ्यायचा आणि त्यावर फ्रेंच जातीचे कलम करायचे. नाशिक-सांगलीच्या बागायतदारांना ही गोष्ट समजावून सांगावी लागणार नाही. त्यांच्या बागाही परक्या खुंटावरच उभ्या आहेत. 'रोमाने-कोंती'सारखी एखादी बाग दुसऱ्या महायुद्धापर्यंत जुन्या मुळांवर टिकली, पण १९४५ नंतर तिथेही नव्या खुंटावर लागवड करावी लागली. फ्रान्सच्या मातीचा आवाज, तेव्हा, गेली शंभराहून अधिक वर्षे मुख्यतः अमेरिकी मुळांतून वर येत आहे. यावरून तेर्वार ही कल्पना खोटी ठरत नाही. इतकेच दिसते, की तिच्यातील 'निसर्ग' हा पुष्कळसा इतिहास आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे, आणि समीक्षकांनी तो मनावर घ्यावा असा आहे. अनेक जुन्या, नामवंत रेड वाइनमध्ये तबेल्याची, घामट चामड्याची आठवण करून देणारा एक वास असे. जाणकार त्याला भूमीची खूण मानत. १९९० च्या दशकाच्या प्रारंभी बोर्दोतील पास्काल शातोने या संशोधकाने त्या वासाचे मूळ 'ब्रेटॅनोमायसीस' या यीस्टमध्ये आणि त्यापासून तयार होणाऱ्या फिनॉलवर्गीय द्रव्यांत असल्याचे दाखवून दिले. हे यीस्ट नीट स्वच्छ न ठेवलेल्या लाकडी पिंपांत वाढते. म्हणजे जिला भूमीची वाणी समजून दाद दिली जात होती, ती निदान काही वेळा तळघरातल्या अस्वच्छतेची वाणी होती. त्याआधीच्या पिढीत एमील पेनो या अध्यापक-सल्लागाराने बोर्दोच्या शातोंना द्राक्षे पूर्ण पिकल्यावर तोडायला, सडके मणी वगळायला, तापमान सांभाळायला आणि पिंपे स्वच्छ ठेवायला शिकवले, तेव्हा त्याने सर्व वाइन एका साच्याच्या करून टाकल्या, अशी तक्रार झाली होती. तक्रार सर्वस्वी निराधार नसेल. परंतु तिच्यात एक सोयिस्कर समजही दडलेला होता: निष्काळजीपणा हा जणू निसर्गाचाच एक भाग आहे आणि काळजी तेवढी परकी आहे. दोष हा देशी असल्याचे सांगून त्याची पाठराखण करण्याची रीत साहित्यातही अपरिचित नाही.

उलट बाजूने जाणारे उदाहरणही बोलके आहे. सल्फर डायऑक्साइडसारखी द्रव्ये न घालता, विकतचे यीस्ट न वापरता वाइन करण्याच्या चळवळीचा आद्य पुरुष म्हणून बोजोले प्रदेशातील जूल शोवे (१९०७-१९८९) याचे नाव घेतले जाते. मोर्गों गावच्या मार्सेल लापिएरने (१९५०-२०१०) त्याचा मार्ग पुढे नेला. शोवेचा आग्रह हस्तक्षेप न करण्याचा होता. पण शोवे स्वतः रसायनशास्त्राचा अभ्यासक होता. काही न घालता वाइन टिकवायची, तर घड अत्यंत कसोशीने निवडावे लागतात, थंडावा राखावा लागतो, किण्वनाची अवस्था सूक्ष्मदर्शकातून पाहावी लागते. 'मी काही करीत नाही' हे वाक्य खरे ठरवण्यासाठी अहोरात्र काहीतरी करीत राहावे लागते. साध्या गद्यामागच्या खाडाखोडीची ज्यांना कल्पना आहे, त्यांना यात आश्चर्य वाटू नये.

आता आंरी जायेर या माणसाकडे वळू. मला वाटते, आपल्या प्रश्नाची सगळी टोके त्याच्यापाशी एकत्र येतात.

जायेर (१९२२-२००६) हा बर्गंडीतील वोन-रोमाने गावचा. गावातल्या कामुझे कुटुंबाकडे उत्तमोत्तम बागा होत्या, पण मालक स्वतः त्या कसत नव्हते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्यांनी त्या जायेरकडे 'मेताइयाज' पद्धतीने दिल्या. या शब्दाला आपल्याकडे नेमका प्रतिशब्द आहे: अर्धेली. कसणाऱ्याने राबावे, वाइन करावी, आणि ठरलेला वाटा, बहुधा निम्मा, मालकाला द्यावा. १९८० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत ही व्यवस्था चालू होती. जायेरने आपल्या वाट्याची वाइन स्वतःच्या नावाने बाटल्यांत भरली. मालकाच्या वाट्याची वाइन बराच काळ पिंपांतूनच व्यापाऱ्यांना विकली जात होती, आणि तेथे तिच्यावरचे कर्त्याचे नाव पुसले जात होते.

त्या काळात पुष्कळ विन्यरों रासायनिक खते आणि भरघोस उत्पन्न यांच्या मागे लागले होते. जायेरने उत्पन्न कमी ठेवले. तो घडांचे देठ पूर्णपणे काढून टाकत असे, किण्वन सुरू होण्यापूर्वी द्राक्षे काही दिवस थंड ठेवत असे, नव्या ओकच्या पिंपांत वाइन मुरवत असे आणि बाटलीत भरताना ती गाळत नसे. हे सगळे निर्णय आहेत, आणि ते त्याचेच होते. कारण त्याच गावात 'रोमाने-कोंती'च्या तळघरात देठांसकट अख्खे घड किण्वनाला घालण्याची रीत आहे. दोन्ही पक्ष 'भूमीला बोलू द्यावे' असेच म्हणतील. एका भूमीच्या दोन वाण्या असतील, तर त्यांतील फरकाला शैली याखेरीज दुसरे नाव देता येत नाही, आणि शैली म्हटली की शैलीकार आलाच.

'क्रो पारांतू'ची कथा तर याहून बोधप्रद आहे. 'रिशबूर' या विख्यात बागेच्या वरच्या अंगाला असलेला हा जेमतेम एक हेक्टरचा तुकडा. फिलॉक्सेरानंतर तो बव्हंशी ओसाड पडला होता. युद्धकाळात तेथे कंदमुळे लावली जात. जायेरने तो साफ केला. माती इतकी पातळ आणि खाली खडक इतका कठीण, की वेलींसाठी खड्डे करायला सुरुंग लावावे लागले. १९५० च्या दशकात लागवड झाली, आणि १९७८ च्या हंगामापासून त्याने या तुकड्याची वाइन स्वतंत्र नावाने काढली. पुढे ती जगातल्या अत्यंत महागड्या वाइनमध्ये गणली जाऊ लागली. आज क्रो पारांतूच्या तेर्वारचे वर्णन करताना लेखक त्या खडकाचे, त्या थंडाव्याचे आणि उंचीचे गुण सांगतात. ते गुण खरेच आहेत. पण सुरुंग लागण्यापूर्वीही ते तेथे होतेच, आणि तेव्हा त्या भूमीतून कंद निघत होते.

मेताइयाजच्या व्यवस्थेकडे कर्तृत्वाचा सिद्धांत म्हणून पाहिले, तर ती विलक्षण स्पष्टवक्ती वाटते. वाइन कोणी केली, या प्रश्नाला ती आकड्यात उत्तर देते: निम्मी भूमीने, निम्मी माणसाने. फक्त भूमीचा वाटा भूमीकडे जात नाही; तो मालकाकडे जातो. येथे आपण कळीच्या मुद्द्याशी येऊन पोहोचतो. विन्यरोंची नम्रता, 'मी केवळ निमित्त' ही भूमिका, धार्मिक किंवा सौंदर्यवादी परंपरेत कितीही उदात्त वाटली, तरी जेथे भूमीला मालक असतो तेथे तिचा व्यावहारिक परिणाम श्रेय श्रमाकडून मालमत्तेकडे वळवण्यात होतो. करार संपला की माणूस निघून जातो. चाळीस वर्षांत त्याने सुधारलेली माती, त्याने जपलेल्या वेली आणि त्या बागेच्या नावाला त्याच्यामुळे चढलेला भाव हे सारे जागच्या जागी राहते.

बोर्दोमध्ये हा प्रकार आणखी निःसंकोचपणे घडला. १८५५ च्या पॅरिस प्रदर्शनासाठी तेथील दलालांनी शातोंची जी श्रेणीवार यादी केली, तिचा आधार बाजारात मिळणारी किंमत हा होता. दर्जा लाभला तो शातोच्या नावाला. पुढे मालक बदलले, जमिनीचे तुकडे विकले-घेतले गेले, तळघराचे प्रमुख आले आणि गेले. श्रेणी मात्र नावाला चिकटून राहिली. वरच्या श्रेणीत म्हणण्यासारखा बदल झाला तो एकच: १९७३ मध्ये 'मूतों' दुसरीतून पहिलीत गेले. तोही बारोन फिलिप द रोथशिल्ड या मालकाच्या अनेक वर्षांच्या खटपटीनंतर. या यादीत तळघरात काम करणाऱ्या एकाही माणसाचे नाव नाही. फुकोला 'लेखक-कार्या'चे यापेक्षा चांगले उदाहरण मिळाले नसते: लेखकाशिवाय चालणारे लेखक-कार्य.

याच संदर्भात बार्थचे आणखी एक लेखन आठवते. लेखकाचा मृत्यू जाहीर करण्यापूर्वी दहा वर्षे, १९५७ च्या 'मिथोलॉजीज' या संग्रहात, त्याने वाइनवर एक छोटा निबंध लिहिला होता. वाइन हे फ्रेंच राष्ट्राचे कुलचिन्ह कसे बनले आहे, हे तो खेळकरपणे सांगत जातो, आणि शेवटी एकदम सूर बदलतो. अल्जीरियात वसाहतवाल्यांनी मुसलमानांच्या बळकावलेल्या जमिनीवर त्यांच्या उपयोगाचे नसलेले हे पीक लादले आहे, याची तो आठवण देतो. वस्तुस्थिती अशी, की अल्जीरियाची गडद, जोरकस रेड वाइन जहाजांनी फ्रान्समध्ये येत असे आणि तेथल्या पातळ वाइनमध्ये मिसळली जात असे. १९६२ मध्ये अल्जीरिया स्वतंत्र झाल्यावर हा व्यापार आटला. फ्रेंच भूमीच्या वाणीत कित्येक वर्षे दुसऱ्याच भूमीचा आवाज मिसळलेला होता आणि ते बाटलीवर कोठेही लिहिलेले नव्हते. मला नेहमी वाटत आले आहे, की १९५७ चा बार्थ १९६७ च्या बार्थला एक अडचणीचा प्रश्न विचारू शकला असता: कर्त्याला संहितेतून हद्दपार केल्यावर, ज्यांचे नाव कधी बाटलीवर आलेच नाही, त्यांच्या वतीने दावा कोणी करायचा? ज्याला लेखक म्हणून कधी मान्यताच मिळाली नाही, त्याचा मृत्यू साजरा करण्यात फारसे शौर्य नाही.

यावर असे म्हणता येईल, की मग उपाय सोपा आहे. नाव भूमीचे न लावता माणसाचे लावावे. नव्या जगातील वाइन-व्यवसायाने, आणि काही अंशी मिशेल रोलांसारख्या देशोदेशी सल्ला देत फिरणाऱ्या तज्ज्ञांच्या प्रतिष्ठेने, हाच मार्ग सुचवला. पण व्यक्तीच्या नावाची पूजा ही भूमीच्या पूजेइतकीच आंधळी होऊ शकते, आणि ती तळघरात राबणाऱ्या इतर हातांना तितक्याच सहजतेने झाकून टाकते. शिवाय स्थाननामाच्या बाजूने एक भक्कम नैतिक युक्तिवाद आहे, आणि तो गूढवादाचा नाही. १९०७ साली दक्षिण फ्रान्समधील लांगदोकमध्ये लाखो द्राक्ष-उत्पादक रस्त्यावर आले. भाव कोसळले होते. त्यामागे अतिउत्पादन होते, तसेच साखर आणि पाणी घालून केलेल्या वाइनचा सुळसुळाटही होता. मार्सेलँ आल्बेर हा त्यांचा पुढारी. नार्बोनमध्ये सैन्याने गोळीबार केला, माणसे मेली. ज्या रेजिमेंटमध्ये त्याच भागातली मुले होती, तिने बंड केले. त्या वर्षी भेसळीविरुद्ध कायदा झाला, आणि १९३५ मध्ये नियंत्रित स्थाननामांची व्यवस्था, म्हणजे आज आपण 'आपेलासियों' म्हणून ओळखतो ती, उभी राहिली. येथे भूमीचे नाव गूढ वाणीचे द्योतक नाही. ते एक सामूहिक वचन आहे: या नावाखाली अमुक जातीचे, अमुक गावाचे, अमुक मर्यादेत घेतलेले पीकच येईल. ते नाव कोणा एकाच्या मालकीचे नाही, म्हणूनच ते सर्वांवर बंधनकारक आहे.

तेव्हा 'वाइन कोठून उगम पावली' आणि 'वाइनबद्दल उत्तरदायी कोण' हे दोन प्रश्न वेगळे करावे लागतील. कर्तृत्वाच्या चर्चेत आपण बहुधा पहिल्याशीच झुंजत राहतो, आणि त्याला उत्तर नाही. वाइन काय किंवा कविता काय, तिचे उगम असंख्य असतात. दुसऱ्या प्रश्नाला मात्र उत्तर देता येते, आणि ते द्यावेच लागते असे प्रसंग येतात.

असा एक प्रसंग २००८ च्या एप्रिलमध्ये न्यूयॉर्कला आला. तेथील एका लिलावात बर्गंडीच्या पोंसो कुटुंबाच्या 'क्लो सां-दनी' या वाइनच्या १९४५ पासूनच्या बाटल्या विक्रीस आल्या. लोरां पोंसो ते थांबवण्यासाठी स्वतः तेथे गेले. त्यांचे म्हणणे साधे होते: १९८० च्या दशकापूर्वी त्यांच्या कुटुंबाने ही वाइन केलेलीच नव्हती. (ती बागही त्यांना अर्धेलीनेच कसायला मिळालेली होती.) बाटल्या मागे घेतल्या गेल्या. त्या विकायला आणणारा रुडी कुर्नियावान घरच्या घरी निरनिराळ्या वाइन मिसळून जुन्या वाइनचे नमुने तयार करत असल्याचे पुढे उघड झाले. २०१३ मध्ये तो दोषी ठरला आणि २०१४ मध्ये त्याला दहा वर्षांची शिक्षा झाली. त्याच्या मिश्रणांना नाणावलेल्या जाणकारांनी दाद दिलेली होती. चवीच्या पातळीवर, म्हणजे शुद्ध संहितेच्या पातळीवर, त्याला अपयशी म्हणता येत नाही.

कुर्नियावानकडे केवळ ठक म्हणून पाहिले, तर आपल्या प्रश्नाचा एक महत्त्वाचा पैलू निसटतो. बनावट वस्तू करणारा हा पूर्ण आत्मविलोपन साधलेला कर्ता असतो. त्याला स्वतःचे नाव नको असते. आपले सगळे कौशल्य तो दुसऱ्याच्या नावाला वाहतो. आपल्याकडे संतांच्या गाथांमध्ये नंतरच्या कोणी तरी रचलेले आणि संतांची नाममुद्रा धारण केलेले अभंग आहेत. संशोधक त्यांना प्रक्षिप्त म्हणतात. बाह्यतः ही कृती तीच आहे: स्वतःचे नाव टाकून थोर नाव लावणे. तरीही त्या अनाम भक्ताला आपण ठक म्हणत नाही, कारण त्याने त्या नावाकडून काही उचलले नाही. त्या नावाच्या ठायी आपला शब्द ठेवला आणि तो निघून गेला. तेव्हा आत्मविलोपन हा स्वतः गुणही नाही आणि दोषही नाही. नाव सोडताना माणूस काय घेऊन जातो, आणि त्या नावाने उद्या कोणी जाब विचारला, तर उत्तर द्यायला कोण उभे राहते, यावर त्याचे मोल ठरते. पोंसो उभे राहिले. त्यांनी केलेला दावा 'हे माझे' असा नव्हता. 'हे माझे नाही' असा होता. भूमीला हे वाक्य उच्चारता आले नसते.

क्रो पारांतूचा तो हेक्टर आजही दोन नावांत विभागलेला आहे. मोठा भाग जायेरचा होता. तो त्याचा भाचा एमान्युएल रूजे याच्याकडे गेला. उरलेला कामुझे कुटुंबाच्या वारसांकडे, 'मेओ-कामुझे' या नावाने आहे. करार संपल्यावर या घराण्याच्या तरुण वारसाला वाइन करायला शिकवले तेही जायेरनेच. कायद्याच्या दृष्टीने या तुकड्याचा दर्जा अजूनही 'प्रमिए क्रू' म्हणजे सर्वोच्च श्रेणीच्या एक पायरी खालचा आहे. किंमत मात्र कधीच तिच्या वर गेली आहे. दोन्ही बाटल्यांवर गावाचे नाव तेच आणि तुकड्याचे नावही तेच. माणसाचे नाव त्याखाली, लहान अक्षरांत, वेगवेगळे आहे.